ग्रॅफाइटचा उतारा विचारा

बॅटरीच्या शेअरांवरून सांगली-मिरजेपासून विट्या-तासगावापर्यंत सध्या जो वाद चालला आहे, त्यात दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत बसल्या आहेत. एक बाजू म्हणते, ग्रॅफीन, म्हणजे थराथरांनी बनलेल्या ग्रॅफाइट या कार्बनाचा एक अणूएवढा पातळ थर, पोलादाहून कितीतरी पट मजबूत आहे, वीज तांब्याहून चांगली वाहून नेतं, तेव्हा ग्रॅफीनच्या बॅटरीवर काम करणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर वीस-पंचवीस रुपयांना मिळतोय तोवर घेऊन ठेवा. दुसरी बाजू म्हणते, हे सगळं थोतांड आहे, एमूपालनाच्या योजनांचं झालं तेच याचं होणार. पहिल्यांचा समज असा, की विज्ञान खरं असलं म्हणजे धंदाही खरा असतो. दुसऱ्यांचा समज असा, की धंदा बुडाला म्हणजे विज्ञानच खोटं होतं. माझं म्हणणं वेगळं आहे. बॅटरीला ग्रॅफाइट लागतं ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पण त्या गरजेतून निघणारा पैसा छोट्या कंपनीच्या भागधारकापर्यंत पोचताना तीन-चार ठिकाणी अडतो, आणि कुठे अडतो ते आकड्यांत दिसतं. ते आकडे मागितल्याशिवाय ग्रॅफाइटच्या छोट्या कंपनीत पैसे घालू नयेत. आणि ज्या कंपनीजवळ दाखवायला 'ग्रॅफीन' या शब्दापलीकडे काही नाही, तिथे पगारातून किंवा उसाच्या बिलातून बचत करणाऱ्यानं आज पैसे घालूच नयेत.

ग्रॅफाइट आपल्या भागाला नवं नाही. खानापूर-आटपाडीकडची गलाई मंडळी देशभर सोनं-चांदी वितळवतात ती ग्रॅफाइटच्या मुशीत. फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं, की साध्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं म्हणून ते बीड ठिसूळ, आणि एसजी आयर्नमध्ये तेच गोळ्यांच्या रूपात असतं म्हणून ते चिवट. पदार्थ एकच, पण आकार बदलला की गुण बदलतो. बॅटरीचं सगळं गणितही याच आकारावर उभं आहे. लिथियम बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियम ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतं. सहा कार्बनमागे एक लिथियम या हिशेबानं ग्रॅफाइटची क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास, त्यापुढे नाही. व्यवहारात एका किलोवॅट-तासाच्या बॅटरीला ढोबळमानानं एक किलो ग्रॅफाइट लागतं. म्हणजे तीन किलोवॅट-तासाच्या स्कूटरला तीन किलो आणि मध्यम मोटारीला पन्नास किलोच्या आसपास.

या गुंतवणुकीच्या बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे आधी मान्य करतो. पहिला, ग्रॅफाइटला सहज पर्याय नाही. बॅटरीचा धन ध्रुव निकेलचा असो वा लोह-फॉस्फेटचा, समोर ऋण ध्रुवाला बहुतेक ग्रॅफाइटच असतं. सिलिकॉनची क्षमता दहापट सांगतात ते खरं आहे, पण लिथियम आत शिरलं की सिलिकॉन फुगून तिपटी-चौपटीवर जातं आणि तडकतं, म्हणून आज ते बहुतेक ठिकाणी ग्रॅफाइटमध्ये थोडंसं मिसळूनच वापरतात. दुसरा, बॅटरीच्या दर्जाच्या ग्रॅफाइटचा नव्वद टक्क्यांहून जास्त पुरवठा एकट्या चीनच्या हातात आहे आणि डिसेंबर २०२३ पासून चीननं निर्यातीला परवाना लावला. तिसरा, आपल्या केंद्र सरकारनं जून २०२३ मध्ये अत्यावश्यक खनिजांची तीस नावांची यादी काढली, त्यात ग्रॅफाइट आहे. म्हणजे गरज आहे, टंचाईची भीती आहे, सरकारचा पाठिंबाही आहे. मग अडतं कुठे?

पहिली अडचण उताऱ्याची. आपल्याकडे उसाचा उतारा साडेअकरा की साडेबारा यावरून कारखान्याचं भलंबुरं ठरतं, हे वेगळं सांगायला नको. ग्रॅफाइटचंही तसंच आहे. खाणीतल्या दगडात पाच टक्के ग्रॅफाइट असेल, तर दळून, पाण्यात फेस काढून, वर तरंगणारं वेगळं करून ९५ टक्क्यांचा एक टन माल मिळवायला वीस-एकवीस टन दगड फोडावा लागतो. बऱ्याच छोट्या कंपन्यांची घोषणा इथेच संपते, आणि खरा धंदा इथूनच सुरू होतो. हे पापुद्रे बॅटरीत तसेच चालत नाहीत. ते दळून पंधरा-वीस मायक्रॉनचे करायचे, मग हवेच्या गिरण्यांच्या रांगेतून एकामागून एक काढत कडा दुमडून गोल करायचे. या गोल करण्यात मालाचा निम्म्याहून जास्त भाग भुकटी होऊन बाजूला पडू शकतो. उतारा ४० टक्के धरला तर एक टन गोल ग्रॅफाइटला अडीच टन माल, म्हणजे पन्नासेक टन दगड. उरलेल्या भुकटीचं काय करता, हा प्रश्न विचारला की कंपनीची तयारी कळते. ब्रेक, वंगण, फाउंड्रीत बिडाचा कार्बन वाढवण्यासाठी ती खपते, पण भाव पडता. मळी आणि बगॅस विकल्याशिवाय साखर कारखान्याचा ताळेबंद जुळत नाही, तसंच हे. ज्या कंपनीच्या सादरीकरणात भुकटीचा उल्लेखच नाही, तिनं हा हिशेब एकतर केलेला नसतो, नाहीतर दाखवायचा नसतो.

गोल झालेला माल मग ९९.९५ टक्क्यांपर्यंत शुद्ध करायचा. त्याला दोनच मोठे रस्ते. एक हायड्रोफ्लोरिक आम्लाचा. तो स्वस्त आहे, पण हे आम्ल हाडापर्यंत जातं, आणि सांडपाण्यातला फ्लोराइड काढल्याशिवाय पाणी बाहेर सोडता येत नाही. कृष्णेच्या काठावर राहणाऱ्यांना हा मुद्दा समजावून सांगायची गरज नसावी. दुसरा रस्ता अडीच हजार अंशांच्या वर तापवण्याचा, त्यात सगळा खर्च विजेचा. त्यानंतर डांबरासारख्या पिचचा पातळ लेप देऊन हजार-बाराशे अंशांवर भाजायचं. हा लेप सर्वांत नाजूक काम. तो एकसारखा बसला नाही तर कणाचं उघडं पृष्ठफळ वाढतं, पहिल्याच चार्जला जास्त लिथियम कणांवरच्या पापुद्र्यात अडकून कायमचं वाया जातं, आणि बॅटरी जन्मतःच अशक्त होते. चांगल्या मालाची पहिल्या चार्जची कार्यक्षमता ९२-९४ टक्के असते. ती ८८ वर आली तर बॅटरीवाला माल परत करतो, कारण तो तोटा त्याला धन ध्रुवातल्या महागड्या लिथियममधून भरावा लागतो. यंत्रातून झिजलेल्या लोखंडाचे सूक्ष्म कण मालात गेले तर बॅटरी आतल्या आत उतरते. कृत्रिम ग्रॅफाइटचा रस्ता वेगळा. पेट्रोलियम कोक किंवा डांबरापासूनचा कच्चा माल घेऊन तीन हजार अंशांच्या आसपास भट्टीत घालायचा. भट्टी भरणं, तापवणं, निववणं यात आठवडे जातात. या भट्टीची मूळ पद्धत अ‍ॅचेसननं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधली, म्हणजे तंत्र गुपित नाही. स्वस्त वीज आणि मोठा आकार ज्याच्याकडे, तो जिंकतो. छोट्या कंपनीकडे नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

दुसरी अडचण पसंतीची. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना २०१० साल आठवत असेल. क्लोरमेक्वाट या एका वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि युरोपात गेलेली भारतीय द्राक्षं अडकली. द्राक्षं गोड नव्हती का? मण्याचा आकार कमी होता का? माल उत्तम होता, पण समोरच्याच्या तपासणीत बसला नाही. बॅटरीच्या ग्रॅफाइटची तपासणी याहून कडक आणि लांबलचक असते. आधी काही ग्रॅम, मग काही किलो, मग टनभर, आणि शेवटी विकायच्या कारखान्यात, विकायच्याच यंत्रावर बनवलेला माल. प्रत्येक टप्प्यावर बॅटरी बनवून शेकडो-हजारो वेळा चार्ज-डिस्चार्ज करून बघायची. हे सगळं दोन ते चार वर्षं चालतं, आणि मध्येच कारखाना बदलला, कोक बदलला, तर बराचसा भाग पुन्हा. म्हणून 'नामांकित बॅटरी कंपनीला नमुने पाठवले' या बातमीला किंमत जवळपास शून्य आहे. कितवा टप्पा, माल प्रयोगशाळेतला की कारखान्यातला, आणि करार बांधील आहे की नुसता सामंजस्याचा, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्या बातमीवर एक शेअरही घेऊ नये. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय सांगलीच्या सौद्यात कुणी बोली लावत नाही. मग इथेच पाकिटावरच्या नावावर विश्वास का?

इथे आकाराचाही विचार करावा. वर्षाला पन्नास टनांचा प्रायोगिक कारखाना ऐकायला मोठा वाटतो. पन्नास टन म्हणजे हजार मोटारींपुरता माल. एक गिगावॅट-तासाच्या बॅटरी कारखान्याला वर्षाला हजारेक टन लागतो. प्रायोगिक कारखाना चुकीचा नाही, तो लागतोच. पण त्याच्या बळावर कंपनीचं बाजारमूल्य शेकडो कोटी झालं असेल, तर भागधारक अजून न बांधलेल्या कारखान्याचे पैसे आजच मोजतो आहे.

तिसरी अडचण भावाची, आणि ही इतिहासात दोनदा-तीनदा डोळ्यांसमोर घडलेली आहे. २०१७ मध्ये चीननं प्रदूषणाच्या कारणावरून भट्ट्या बंद केल्या, विजेच्या भट्टीत पोलाद करणं वाढलं, आणि त्यासाठी लागणाऱ्या ग्रॅफाइट इलेक्ट्रोडचे भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी चढले. असे इलेक्ट्रोड बनवणाऱ्या एचईजी या भारतीय कंपनीचा शेअर दीड-दोनशे रुपयांवरून २०१८ मध्ये साडेचार हजारांच्या पुढे गेला. २०१८-१९ चा नफा तीन हजार कोटींच्या घरात होता. पुढच्याच वर्षी तो शंभर कोटींच्याही खाली आला आणि शेअर हजाराच्या खाली. ही कंपनी काल-परवाची नव्हती, कारखाना चालू होता, गिऱ्हाईक होतं, माल उत्तम होता. तरी हे झालं, कारण भाव टंचाईचा होता आणि टंचाई सरली. साडेचार हजारांना घेणाऱ्यांनी काय चूक केली? ग्रॅफाइटची गरज संपेल असं त्यांना वाटलं नाही, आणि ती खरोखर संपलीही नाही. चूक एवढीच की वरच्या भावाचा नफा त्यांनी कायमचा धरला.

दुसरं उदाहरण साताऱ्याचं, तिथे पैसा भावानं नव्हे, कर्जानं अडला. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा वाऱ्याच्या विजेचं भविष्य उज्ज्वल आहे असं सगळे म्हणत, आणि ते बरोबरच निघालं. २००८ ते २०१३ या पाच वर्षांत देशातली पवनऊर्जेची क्षमता दुपटीहून जास्त झाली. त्याच काळात पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचा शेअर चारशेच्या वरून दहाच्या खाली आला, परदेशी कंपन्या घेण्यासाठी काढलेल्या कर्जामुळे. वारा वाहत राहिला, वीज बनत राहिली, भागधारकाचा पैसा मात्र गेला. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

ग्रॅफाइटमध्येही हे घडून गेलं आहे. मोझांबिकमधली बालामा ही जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रॅफाइट खाणींपैकी एक, ऑस्ट्रेलियाच्या सिराह रिसोर्सेसची. मालाचा साठा अफाट, अमेरिकेत लुइझियानात शुद्धीकरणाचा कारखाना, तिथल्या सरकारचा पाठिंबा. तरीही चीननं कृत्रिम ग्रॅफाइटची क्षमता गरजेच्या कितीतरी पुढे वाढवली, भाव घसरले, खाण काही काळ चालू तर काही काळ बंद अशी चालवावी लागली, आणि २०२४ च्या अखेरीस निवडणुकीनंतरच्या आंदोलनात काम ठप्प होऊन पुरवठ्याच्या करारांबाबत हात वर करावे लागले. जगातली मोठी खाण ज्या भावात तग धरायला धडपडते, त्या भावात दोन भूखंड आणि एक प्रयोगशाळा असलेली कंपनी कशी टिकेल, हा प्रश्न विचारणं म्हणजे निराशावाद नव्हे.

आता ग्रॅफीन. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचा एक अणूएवढा थर सुटा केला, २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या शोधाबद्दल कुणाच्या मनात शंका नसावी. पण बाजारात 'ग्रॅफीन' म्हणून विकलं जातं ते काय असतं? सिंगापूरच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जगभरच्या साठ उत्पादकांचे नमुने तपासून प्रसिद्ध केले. बहुसंख्य नमुन्यांत खरं ग्रॅफीन दहा टक्क्यांहून कमी निघालं, बाकी बारीक ग्रॅफाइट. दुसरी गोष्ट, ग्रॅफीनचा जो गुण जाहिरातीत सांगतात तोच बॅटरीच्या ऋण ध्रुवात अवगुण ठरतो. एका ग्रॅमला अडीच हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठफळ, म्हणजे लिथियम अडकून वाया जायला तितकीच जागा. गोल ग्रॅफाइटवाले हेच पृष्ठफळ एक-दोन-तीन चौरस मीटरवर आणायला लेप देतात, हे वर आलंच. शिवाय ग्रॅफीन फुलकं, एका डब्यात वजनानं कमी मावतं. म्हणून बॅटरीत त्याचा खरा उपयोग वीज वाहून नेणारी भर म्हणून, एक-दोन टक्के किंवा त्याहून कमी. तो उपयोग खरा आहे. पण तिथे त्याची गाठ स्वस्त कार्बन ब्लॅकशी आणि कार्बन नॅनोट्यूबशी आहे, दोन्ही वर्षानुवर्षं कारखान्यात चालत आलेले.

हाच शब्द आपल्या रस्त्यावरही आला आहे. कमी वेगाच्या विजेच्या स्कूटरवर 'ग्रॅफीन बॅटरी' असं लिहिलेलं असतं, ती बहुतेकदा शिशाची बॅटरी असते, शिशात कार्बनची थोडी भर घातलेली. ओळखायची कशी? वजनानं. ६० व्होल्ट ३२ अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी म्हणजे बारा व्होल्टचे पाच डबे, मिळून पंचेचाळीस-पन्नास किलो. तेवढ्याच क्षमतेची लिथियमची पंधरा किलोच्या आसपास. शिशाची बॅटरी वाईट नाही, स्वस्त आहे आणि तिचं भंगारही विकलं जातं. पण तिच्यावरचा शब्द वाचून ग्रॅफीनच्या कंपनीचा शेअर घेणं म्हणजे दोन असंबद्ध गोष्टींची गाठ मारणं.

यावर एक युक्तिवाद हमखास येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. मोठी कंपनीही कधी काळी छोटीच होती, आपल्याच जिल्ह्यात बघा ना. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर औंध संस्थानच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याआधी लोखंडी नांगरानं जमीन नासते या समजुतीपोटी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. तेव्हा पैसे न घालणारे चुकलेच की. मान्य. पण त्या उदाहरणात नेमकं काय होतं ते पाहा. नांगर बनलेला होता, शेतात चालवून बघता येत होता, आणि दोन वर्षांनी का होईना, रोख पैसे देऊन शेतकऱ्यानं तो घेतला. जोखीम घेणाऱ्या संस्थानाधिपतींना माणूस समोर दिसत होता, कारखाना घोड्यावरून जाऊन पाहता येत होता. बॅटरीच्या छोट्या कंपनीचा नांगर कुठला? कुणी विकत घेतला? दुसऱ्यांदा घेतला का? दुसरी ऑर्डर हाच खरा पुरावा, पहिली कधी कधी उत्सुकतेपोटी येते.

दुसरा युक्तिवाद असा, की वीस रुपयांचा शेअर, बुडाला तरी किती बुडणार. भाव कमी म्हणजे जोखीम कमी, ही समजूत सर्वांत महागात पडते. अशा कंपनीला विक्रीतून पैसा येत नाही, म्हणून ती दर वर्षी-दीड वर्षानं नवे शेअर काढते. प्रवर्तक वॉरंट घेतात, म्हणजे ठरलेल्या भावाला पुढे शेअर घ्यायचा हक्क. २५ टक्के आधी भरायचे, बाकीचे अठरा महिन्यांत. भाव चढला तर उरलेले भरून शेअर घ्यायचे, पडला तर सोडून द्यायचे. तुमचा हिस्सा मात्र पातळ होत जातो, दुधात पाणी घालावं तसा. बातमी उलटली की शेअर लोअर सर्किटला लागतो आणि रोज पाच-पाच टक्क्यांनी खाली जाताना विकायलाच गिऱ्हाईक मिळत नाही. तोटा थांबवायला लावलेला भाव अशा वेळी कागदावरच राहतो. म्हणून ताळेबंदात आधी रोकड बघायची, मग तिमाहीचा खर्च, आणि एकाला दुसऱ्यानं भागायचं. तीन तिमाहींची रोकड उरली असेल तर नवे शेअर येणार हे धरूनच चालायचं. ऑस्ट्रेलियाच्या बाजारात अशा खाण कंपन्यांना किती तिमाहींचा पैसा उरला ते तिमाही अहवालात छापावं लागतं. आपल्याकडे तो भागाकार स्वतः करावा लागतो.

कंपनीनं नाव बदलून त्यात 'ग्रॅफीन' किंवा 'एनर्जी' घातलं असेल तर आधीच्या वर्षाच्या उत्पन्नाची विभागणी बघावी. नोंदणीकृत कंपनीला नव्या धंद्यावरून नाव घ्यायचं तर आधीच्या वर्षाचं निदान निम्मं उत्पन्न त्या धंद्यातून असावं, नाहीतर निदान निम्म्या मालमत्तेएवढी गुंतवणूक त्यात झालेली असावी, असा सेबीचा नियम आहे. अनलिस्टेड, म्हणजे बाजारात नोंद नसलेले, शेअर देतो म्हणून गावोगाव सभा घेणाऱ्यांना एकच विचारावं, कंपनी कायद्याप्रमाणे खासगी वाटपाला वर्षात दोनशे जणांची मर्यादा आहे, मग हे सभागृह कसं भरलं? सल्ला देणाऱ्याचा सेबीचा क्रमांक आयएनए किंवा आयएनएचनं सुरू होतो, तो सेबीच्या यादीत पाच मिनिटांत पडताळता येतो. दरमहा ठरावीक परताव्याची हमी कुणी देत असेल तर पुढची कागदपत्रं वाचायचीही गरज नाही.

'सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांशीही माझा तितकाच वाद आहे. २०१९ मध्ये वाळवा तालुक्यात कडकनाथ कोंबडीपालनाची योजना कोसळली आणि शेतकऱ्यांचे पैसे अडकले, तेव्हापासून नव्या कुठल्याही गोष्टीला तेच उदाहरण देतात. पण कडकनाथ खोटी होती का? झाबुआची ती कोंबडी खरी आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे. खोटं होतं ते परत खरेदीचं आश्वासन. धडा घ्यायचा तर तो आश्वासनाबद्दल घ्यायला हवा होता, आपण तो कोंबडीबद्दल घेतला. ग्रॅफाइटला तेच लावलं तर नुकसान आपलंच, कारण या साखळीत आपल्या भागाला करण्यासारखं काम आहे. फाउंड्रीवाल्यांना भट्टी, कार्बन आणि धूळ हाताळता येते, गोल करण्यातून उरणाऱ्या भुकटीचं गिऱ्हाईक इथल्याच औद्योगिक वसाहतींत आहे, गलाईला मुशी लागतात. भुकटीपासून मूस किंवा कार्बन वाढवणारा माल करणारी, आज बिलं फाडणारी छोटी कंपनी माझ्या दृष्टीनं ग्रॅफीनच्या स्वप्नापेक्षा जास्त विचार करण्याजोगी आहे, तिच्या नावात बॅटरी नसली तरी.

उद्या एखाद्या छोट्या ग्रॅफाइट कंपनीनं गोल करण्याचा उतारा आणि भुकटीची विक्री उघड मांडली, विकायच्या कारखान्यातल्या मालाला बॅटरीवाल्याची शेवटच्या टप्प्याची पसंती दाखवली, बांधील करारात भावाचं सूत्र सांगितलं आणि दीड-दोन वर्षांची रोकड गाठीशी ठेवली, तर तिच्याबद्दलचं माझं मत बदलेल. मग वाद फक्त कोणत्या भावाला घ्यायचा एवढाच उरेल, आणि तो एचईजीच्या २०१८ च्या भावाचा आलेख समोर ठेवून घालावा.